देव प्रकट होतो म्हणजे नेमकं काय? कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्शन, दृष्टांत, साक्षात्कार, संचार, प्रचिती : हे सगळं एकच का?

एकच नाही, आणि बहुतेक गोंधळ हे शब्द एकमेकांत मिसळल्यानं होतात.

दर्शन दोन्ही बाजूंनी घडतं. आपण दर्शन घेतो आणि देव दर्शन देतो. मराठीत दोन्ही क्रियापदं आहेत ती उगीच नाहीत. दृष्टांत झोपेत किंवा ग्लानीत होतो. त्यात बहुतेक वेळा काही सांगणं असतं, जागा दाखवणं असतं, नाहीतर गुरू भेटतो. संचार म्हणजे वारं येणं, अंगात येणं. इथं देह माध्यम होतो. कौल ही खूण आहे, प्रश्न विचारून मागून घेतलेली. साक्षात्कार हा फार मोठा शब्द आहे. ज्याला झाला त्याचं पुढचं सगळं जगणं पालटतं असं परंपरा मानते, म्हणून तो स्वप्नाला किंवा योगायोगाला लावू नये. प्रचिती मात्र मागाहून कळते. सहा महिन्यांनी, दहा वर्षांनी माणूस वळून बघतो तेव्हा.

इतर धर्मांतही हे वेगळेपण जपलेलं आहे. मुसलमानांत पैगंबरांना येते ती वही (अल्लाहचा संदेश) आणि वलींना, म्हणजे संतांना, होतो तो इल्हाम (अंतःप्रेरणा). ख्रिस्ती मंडळी सार्वजनिक प्रकटीकरण आणि खाजगी प्रकटीकरण यांत फरक करतात. म्हणजे "मला देव दिसला" असं कुणी म्हणालं, तर कुठल्याही जुन्या परंपरेतला जाणता माणूस आधी विचारतो : कुठल्या अर्थानं?

अंबाबाईचा किरणोत्सव नेमका कधी असतो आणि तो घडतो कसा?

वर्षातून दोनदा. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. अलीकडे मागचे-पुढचे दिवस धरून पाच दिवस पाहणी होते. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपासून छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात.

बहुतेक देवळं पूर्वाभिमुख असतात. अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे, म्हणून हा सोहळा सूर्यास्ताचा आहे. किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, गाभाऱ्याची पायरी, कटांजन (मूर्तीपुढचा कठडा) अशी एकेक जागा ओलांडत ती चरणांपाशी पोहोचतात. नोव्हेंबरात हे पावणेसहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास घडतं. सूर्य जसजसा खाली उतरतो तसतशी किरणं आडवी होत जातात आणि म्हणूनच मूर्तीवर वर चढतात. चरणांवरचा तांबूस पट्टा काही मिनिटांत गुडघ्यावर, मग कमरेवर येतो. कधी खांद्यापर्यंत जातो, कधी मध्येच विझतो.

तारखा दोनदा का येतात, याचं उत्तर २१-२२ डिसेंबरमध्ये आहे. त्या दिवशी सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या सुमारे ४२ दिवस आधी येतो आणि १ फेब्रुवारी सुमारे ४१ दिवसांनी. दोन्ही वेळा सूर्य पश्चिमेच्या साधारण १७-१८ अंश दक्षिणेला मावळतो, जाताना एकदा आणि परतताना एकदा. या दिवसांत तो रोज स्वतःच्या बिंबाच्या सुमारे निम्म्या रुंदीनं सरकतो. म्हणून सोहळा मोजक्याच दिवसांचा आहे. आठवडाभरात किरणं वाटेवरून बाजूला जातात.

हे गणित कळलं की श्रद्धा कमी होते असं काहींना वाटतं. आम्हांला उलट वाटतं. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांना आकाश ठाऊक होतं. देवी आपणहून प्रकाशात यावी यासाठी त्यांनी दगड अशा तऱ्हेनं मांडले, की शेकडो वर्षांनीही तारीख चुकत नाही.

यंदा किरणं चरणांवरच थांबली. देवी कोपली का?

नाही. कारणं साधी आहेत आणि बघणाऱ्यांना दरवर्षी दिसतात.

पहिलं कारण आकाश. पश्चिमेला क्षितिजालगत ढगाची एक पट्टी आली तरी शेवटची दहा मिनिटं जातात, आणि मुखापर्यंत किरणं चढतात ती याच दहा मिनिटांत. दुसरं, हवेतली आर्द्रता, धूळ आणि धूर. नोव्हेंबरात उसाचे फड तोडणीला आलेले असतात, गुऱ्हाळं पेटलेली असतात, संध्याकाळी धुकं उतरतं. किरणं पोहोचतात पण फिकी. त्यांची तीव्रता मोजणारे जाणकार दर मिनिटाला लक्स या प्रकाशाच्या मापात नोंद ठेवतात, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो.

तिसरं कारण माणसाच्या हातातलं आहे : वाटेतले अडथळे. सूर्य क्षितिजापासून २ अंश वर असताना, देवीच्या चरणांच्या पातळीपेक्षा साडेतीन मीटर उंच असलेली वस्तू १०० मीटर अंतरावरूनही सावली टाकते. एक जादा मजला, एक पाण्याची टाकी, एक फलक पुरतो. मंदिरापासून पश्चिमेकडच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात कुणी काय बांधावं हा म्हणून केवळ नगररचनेचा प्रश्न राहत नाही. देवीची वाट मोकळी ठेवणं हे शहराचं काम आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

किरणोत्सव बघायला जायचं तर काय काळजी घ्यावी?

सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी पोहोचा. किरणांच्या वाटेतून भाविकांना बाजूला केलं जातं आणि आतले दिवे मालवले जातात, त्या वेळी वाद घालू नका. मोबाईलची बॅटरी लावू नका. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून हात उंच करून चित्रीकरण केलंत तर तुमच्या हाताची सावलीच गाभाऱ्यात जाते. आत उभं राहायला जागा मिळाली नाही तर बाहेर लावलेल्या पडद्यावर बघा. सोहळ्यानंतर आरती होते, ती चुकवू नका.

मूर्ती झिजली किंवा जागेवरून हलवली तर तिच्यातलं देवत्व जातं का?

शास्त्रात यासाठी विधी आहे, त्याला कलाकर्षण म्हणतात. दुरुस्तीआधी मूर्तीतलं तत्त्व मंत्रपूर्वक पाण्यानं भरलेल्या कलशात घेतात. काम होईपर्यंत पूजा कलशाची होते आणि मग पुन्हा प्रतिष्ठा करतात. अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ साली पुरातत्त्व खात्यानं रासायनिक संवर्धन केलं, ते अलीकडचं उदाहरण. त्याहून जुनं उदाहरणही याच देवीचं आहे. आक्रमणांच्या काळात मूर्ती मंदिराबाहेर लपवून ठेवली होती आणि १७१५ साली विजयादशमीला तिची पुन्हा स्थापना झाली. मधल्या काळात देवी नव्हती असं कोल्हापूरकर म्हणत नाही. ती लपून होती असं म्हणतो.

स्वयंभू आणि तांदळा यांत फरक काय?

स्वयंभू म्हणजे कुणी न घडवलेलं, जमिनीतून आपणहून वर आलेलं. तांदळा म्हणजे हातपाय, चेहरा न कोरलेला देवीचा पाषाण, शेंदूर लावून पुजलेला. पुष्कळ तांदळे स्वयंभू मानले जातात, पण स्वयंभू असलेली प्रत्येक गोष्ट तांदळा नसते. शिवलिंगंही स्वयंभू असतात. वर्षानुवर्षांच्या शेंदराचा जाड थर कधी कधी कवचासारखा गळून पडतो आणि आतला पाषाण दिसतो. त्याला चमत्कार किंवा अपशकुन म्हणायची गरज नाही. तेल आणि शेंदराचं वजन वाढलं की असं होतं.

नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा म्हणजे देव नदीच्या रूपानं येतो का?

भाविक तसंच मानतात, आणि जागा पाहिली की का ते समजतं. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम इथं आहे. नृसिंहसरस्वतींनी इथं बारा वर्षं वास्तव्य केलं आणि जाताना पादुका ठेवल्या. वाडीच्या त्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल, गाणगापूरच्या निर्गुण. दत्तसंप्रदायाची ही मांडणी फार सूक्ष्म आहे : गुरू दिसत नाहीत, त्यांची पावलं उमटलेली आहेत, आणि तेवढं पुरे.

पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी मंदिराच्या उत्तर दारातून आत शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्या दक्षिण दाराशी स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावतात. सोहळा तारखेनं ठरत नाही. तो धरणांतला विसर्ग आणि घाटमाथ्यावरचा पाऊस ठरवतात. पाणी एका ठरावीक पातळीला असेल तोवरच स्नान घडतं. आणखी चढलं की मंदिर पाण्याखाली जातं आणि उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवून तिथं पूजा होते.

इथं हमखास होणारी चूक सांगतो. पाणी वाढत असताना दोराच्या पलीकडे जाऊन डुबकी मारणं. पुराच्या पाण्याची तळाची ओढ वरून दिसत नाही आणि घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. कमरेच्या वर पाणी असेल तर थांबा, तांब्यानं अंगावर घ्या. लहान मुलांना आत नेऊ नका.

स्वप्नात गुरू किंवा देव आला. तो दृष्टांत की नुसतं स्वप्न?

याचं सर्वांत मोलाचं उदाहरण कोल्हापुरातलंच आहे. संत बहिणाबाई सतराव्या शतकात लहान वयात, लग्न झालेली मुलगी म्हणून इथं आल्या. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. पुढे तुकोबांना प्रत्यक्ष न पाहताच त्यांना स्वप्नात तुकोबांचं दर्शन झालं आणि मंत्र मिळाला. हे त्यांनी स्वतःच्याच अभंगांत सांगून ठेवलं आहे. त्या ब्राह्मण घरातल्या, गुरू कुणबी. नवऱ्याचा कडाडून विरोध, मारहाण. स्वप्नानं त्यांना सोयीचं काही दिलं नाही. जे दिलं त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि मग देहूला जाऊन तुकोबांना डोळ्यांनी पाहिलं.

तुकोबांना स्वतःलाही गुरुमंत्र स्वप्नातच मिळाला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. त्यातला एक तपशील आम्हांला फार जवळचा वाटतो. स्वप्नात गुरू बाबाजींनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं राहून गेलं. एवढा मोठा प्रसंग सांगताना तुकोबा आपलं विसरणं लपवत नाहीत. रचलेल्या गोष्टीत सहसा अशी अर्धवट राहिलेली गोष्ट नसते.

यावरून जाणती मंडळी काही गोष्टी तपासतात. दृष्टांत तुमच्याच मनातली हाव पुरवतो की तुमच्याकडून काही मागतो? त्यात दुसऱ्याचं नुकसान आहे का? "शेजाऱ्यानं करणी केली आहे" असं सांगणारं स्वप्न भीतीतून आलेलं असतं, ते सोडून द्यावं. उठल्यावर लगेच लिहून ठेवा, कारण दुपारपर्यंत मन त्यात भर घालतं. महिनाभर कुणाला सांगू नका. तेवढ्या काळात त्याचा जोर ओसरला तर ते स्वप्न होतं. एक नक्की : स्वप्नावरून जमीन विकणं, नोकरी सोडणं, औषध बंद करणं यांतलं काहीही करू नये.

मुस्लिम परंपरेतही जवळपास हाच विवेक आहे. हदीसमध्ये चांगल्या स्वप्नाला पैगंबरीचा शेहेचाळिसावा भाग म्हटलं आहे. वाईट स्वप्न पडलं तर डाव्या बाजूला तीनदा हलकं थुंकावं, अल्लाहचा आसरा मागावा, कूस बदलावी आणि ते कुणाला सांगू नये, असं शिकवलं आहे.

देवाला कौल लावतात तो कसा?

देवळागणिक रीत वेगळी, पण गाभा सारखा. मूर्ती पुसून घेतात. गुरव ओल्या फुलाच्या पाकळ्या किंवा कळ्या मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ठरावीक जागी चिकटवतो. प्रश्न देवापुढे मोठ्यानं मांडला जातो. मग सगळे थांबतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत आहे. काहीच पडलं नाही तर देव आज बोलत नाही असं समजून उठायचं.

कुठं चुकतं? एकाच प्रश्नात दोन प्रश्न कोंबले जातात : "घर बांधू का आणि यंदाच बांधू का?" मग उत्तर कशाचं ते कळत नाही. नकार आला की पुन्हा लावा म्हणून गुरवाच्या मागं लागतात. तिसऱ्यांदा लावलेल्या कौलाला जुने लोक कौल मानतच नाहीत. पाकळी फार ओली असली तर घसरते, सुकी असली तर चिकटतच नाही. वरचा पंखा चालू असेल तर तो वाऱ्याचा कौल झाला.

शिवाय दोन प्रश्न कौलाला कधीही लावू नयेत : आजारात डॉक्टरकडे जावं का, आणि चोरी कुणी केली. पहिल्यात जीव जातो, दुसऱ्यात निरपराध माणसाची अब्रू.

पट्टणकोडोलीची भाकणूक खरी ठरते का?

आधी ती काय आहे ते समजून घेऊ. हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसरा-दिवाळीच्या दरम्यान भरते. धनगर समाजाचं हे मोठं दैवत. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांदे बाबा पायी येतात. ढोल-कैताळाच्या गजरात, हातात तलवार घेऊन हेडाम खेळत ते मंदिराकडे निघतात. भंडारा, लोकर, खारीक, खोबरं यांची इतकी उधळण होते की रस्ता, छत्र्या, माणसं सगळं पिवळं होऊन जातं. मग देवापुढे भाकणूक, म्हणजे येणाऱ्या वर्षाची भविष्यवाणी, होते : पाऊस, पीक, धारण (बाजारभाव), रोगराई, राजकारण.

भाकणुकीची भाषा तुटक आणि सूचक असते. ती ऐकून लोक आपापल्या परीनं अर्थ लावतात, म्हणून वर्षाअखेरीला "खरी ठरली" म्हणणारे आणि "नाही ठरली" म्हणणारे दोघंही भेटतात. आमच्या मते तिला हवामान खात्याच्या तराजूत घालणं म्हणजे तिचं काम चुकवणं. मेंढरं घेऊन वर्षभर रानोमाळ विखुरलेला समाज एका दिवशी एका जागी येतो आणि येणाऱ्या वर्षाकडे एकत्र तोंड करून उभा राहतो. देवाचा शब्द तिथं सगळ्यांच्या कानांवर एकाच वेळी पडतो. पेरणी कधी करायची हे मात्र जमिनीतली ओल बघूनच ठरवा.

घरात कुणाच्या अंगात येतं. काय करावं?

घाबरू नका आणि तमाशाही करू नका. संचार परंपरेनं मान्य केलेला आहे तो ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी : जागर-गोंधळात, पालखीपुढे, ज्योतिबाच्या यात्रेत गुलालानं न्हालेल्या सासनकाठ्या नाचत असताना हलगी घुमली की. वारं येतं, थोड्या वेळात ओसरतं, पाणी देतात, ओवाळतात, माणूस भानावर येतो आणि कामाला लागतो. एवढं असेल तर प्रश्नच नाही. त्या वेळी आजूबाजूच्या टोकदार वस्तू, समई, पेटता कापूर बाजूला करा. गळ्याशी आवळलेलं काही असेल तर सैल करा. प्रश्न विचारून विचारून संचार लांबवू नका.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र दवाखाना गाठायचा : जीभ चावली जाणं, कपड्यात लघवी होणं, डोळे फिरवून पडणं (ही फिट असू शकते), दिवसेंदिवस झोप नाही, अन्न सोडणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारे आवाज ऐकू येणं, बाळंतपणानंतर अचानक वागणं बदलणं. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. मानसिक त्रासासाठी सरकारची १४४१६ ही टेली-मानस सेवा मोफत आहे. देवीची ओटी भरा आणि गोळीही घ्या. दोन्हींचं भांडण नाही.

कायदाही माहीत हवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं पूजा, यात्रा, कीर्तन, हरिपाठ यांना कुठंच अडवलेलं नाही. भूत उतरवण्याच्या नावानं मारहाण, अंगात शक्ती संचारल्याचं भासवून दहशत घालणं, चमत्काराच्या नावावर पैसे उकळणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार अडवणं हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

मुलीच्या केसांत जट झाली. यल्लम्मानं बोलावलं आहे असं सांगतात. खरं का?

नाही. या उत्तरात आम्ही कसलीही मुभा ठेवत नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज, निपाणी ते सौंदत्ती या पट्ट्यात या एका समजुतीपायी कित्येक मुली देवीला सोडल्या गेल्या आणि त्यांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली.

जट होते ती अशी. केस काही दिवस विंचरले नाहीत, तेल, घाम आणि धूळ साचली, की गळालेले केस उभ्या केसांत अडकून गुंता बसतो. त्यात भंडारा आणि तेल चोपडलं की तो घट्ट होतो. उवा-लिखा, कोंडा, आजारपणात अंथरुणाला खिळणं यानं भर पडते. "देवीची आहे, हात लावू नका" म्हटलं की विंचरणं कायमचं थांबतं आणि जट वाढतच जाते. वजनानं मान दुखते, मुळाशी जखमा होतात.

काढायची तर आधी खोबरेल तेल मुरवा आणि बोटांनी गुंता टाळूपासून थोडा वर उचला. केस आणि टाळू यांच्यात कंगवा किंवा बोट आडवं धरा, म्हणजे कात्री कातडीला लागत नाही. कंगव्याच्या वरच्या बाजूनं थोडे थोडे केस कापा. ओढू नका, एकदम कापायला जाऊ नका. मग डोकं धुऊन उवांचं औषध लावा. जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा. भीती घरच्यांच्या मनात जास्त असते, म्हणून आई, आजी यांना समोर बसवूनच कापा. यल्लम्मा म्हणजे आई. लेकीच्या डोक्यातला गुंता सोडवल्यानं कुठली आई कोपेल?

जैन धर्मात देव प्रकट होतो का?

जगाचा कर्ता, भक्ताच्या हाकेला धावून येणारा ईश्वर जैन मानत नाहीत. आत्म्यावरचे कर्मांचे थर गळून पडले की त्याचं ज्ञान पूर्ण होतं, ते केवलज्ञान. म्हणजे बाहेरून कुणी येत नाही, आत असलेलं उघडं पडतं. तीर्थंकरांचा उपदेश समवसरणात, म्हणजे त्यांच्या धर्मसभेत, होतो. दिगंबर परंपरेनुसार तिथं त्यांची दिव्यध्वनी निघते आणि गणधर, म्हणजे त्यांचे प्रमुख शिष्य, तिचा अर्थ उलगडतात. महावीरांना केवलज्ञान झाल्यावर ६६ दिवस दिव्यध्वनी निघाली नाही, इंद्रभूती गौतम आले तेव्हा निघाली, असं हीच परंपरा सांगते. ऐकायला योग्य माणूस समोर लागतो, हा त्यातला अर्थ फार मोलाचा आहे.

कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर २८ फुटी संगमरवरी मूर्ती १९६३ पासून उभी आहे. पायांवर वेली चढल्या आहेत. बाहुबली वर्षभर असे उभे होते, तरी मनात सल होता तोवर ज्ञान झालं नाही. पायथ्याशी उभं राहून आधी त्या वेली बघा, मग चेहरा बघा.

इस्लाममध्ये अल्लाह दिसत नाही, मग सांगतो कसा?

कुराणाच्या ४२ व्या सूऱ्यातल्या ५१ व्या आयतीत तीन मार्ग सांगितले आहेत : वही, पडद्याआडून बोलणं, आणि दूत पाठवणं. हजरत मुहंमद चाळिशीत असताना, इसवी सन ६१० च्या सुमारास, मक्केजवळच्या हिरा गुहेत देवदूत जिब्रीलनं त्यांना "इक्रा", म्हणजे वाच, म्हटलं. पुढची २३ वर्षं वही येत राहिली. कधी ती घंटेच्या नादासारखी येई आणि तीच सर्वांत जड जाई, असं हदीसमध्ये आहे. पैगंबरांबरोबर वही थांबली. दर्ग्यातल्या वलींची करामत ही त्याहून खालची पायरी मानली जाते. कोल्हापूरच्या बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे आणि मोहरमच्या पंजांपुढे हिंदू घरंही नवस बोलतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

निर्णयासाठी इस्तिखारा, म्हणजे योग्य वाट दाखव असं अल्लाहकडे मागणं, आहे. फर्ज (सक्तीच्या) नमाजाशिवाय दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढायची, मग इस्तिखाऱ्याची दुआ करायची आणि त्यात आपल्या कामाचं नाव घ्यायचं. त्यानंतर स्वप्न पडायलाच हवं, हीच सर्वांत पसरलेली चुकीची समजूत. सल्ला घ्यायचा, पाऊल टाकायचं. वाट मोकळी होत गेली तर ते उत्तर. फर्ज आणि हराम गोष्टींसाठी इस्तिखारा नसतो. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी "काढून देणाऱ्या"कडे जायची गरज नाही, दुआ ज्याची त्यानंच करायची आहे.

ख्रिस्ती लोक दर्शनं कशी तपासतात?

फार सावकाश. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ साली फेब्रुवारी ते जुलै या काळात बर्नादेत नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला १८ वेळा मरियामातेचं दर्शन झालं. चौकशी होऊन बिशपांनी मान्यता दिली ती १८६२ मध्ये. तिथल्या बऱ्या झालेल्या रोग्यांची तपासणी डॉक्टर करतात आणि आजवर चमत्कार म्हणून मान्य झालेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत. मान्यता मिळालेल्या दर्शनावरही विश्वास ठेवणं कॅथलिकांना सक्तीचं नाही. मे २०२४ मध्ये व्हॅटिकननं नवे नियम केले. आता सहसा "हे अलौकिक आहे" असा निवाडाच देत नाहीत, लोकांनी तिथं भक्ती करायला हरकत आहे की नाही एवढंच सांगतात.

आपल्याकडचं उदाहरण केडगावचं. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत, अनोळखी भाषांत बोलू लागल्या. पवित्र आत्म्याचं उतरणं म्हणून ते जगभर गाजलं. वाचताना आपल्याकडच्या जागराची आठवण येते, पण तिथं कुणी भाकीत करत नव्हतं. पश्चात्ताप आणि सेवा यांवर भर होता.

शीख हुकमनामा कसा घेतात?

१७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाकडे दिलं, म्हणून रोजचा आदेश ग्रंथातूनच येतो. अरदास (प्रार्थना) झाल्यावर १४३० अंगांचा, म्हणजे पानांचा, गुरू ग्रंथ साहिब आपसूक उघडेल तिथं उघडतात आणि डाव्या अंगावरचा वरचा पहिला शबद वाचतात. तो मागच्या अंगावर सुरू झाला असेल तर पान मागं घेऊन सुरुवातीपासून वाचतात. मनासारखं निघेपर्यंत पुन्हा पुन्हा उघडत नाहीत.

देव भेटला तर आनंद व्हायला हवा ना? भीती का वाटते?

कारण ते पेलत नाही. अर्जुनानं विश्वरूप मागून घेतलं आणि दिसल्यावर थरथरत "आधीचंच रूप दाखव" म्हणाला. जळत्या झुडपापुढे मोशेनं तोंड झाकून घेतलं. हिरा गुहेतून परतलेले पैगंबर पत्नी खदीजांना "मला पांघरूण घाला" म्हणाले. बायबलमधल्या देवदूताचं पहिलं वाक्य बहुधा "भिऊ नको" असंच असतं. म्हणजे भीती वाटली म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. ती सरल्यावर काय उरतं ते बघावं.

इतकी वर्षं देव देव करतो, मला काहीच दिसलं नाही. माझं काय चुकतं?

बहुधा काहीच नाही. तुकोबांच्या करुणेच्या अभंगांत "भेट दे" ही आर्जवं भरून राहिली आहेत. ती देव दिसत नसतानाच्या दिवसांतली आहेत. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, त्यांत कित्येक वर्षं देव जाणवत नसल्याची वेदना आहे, आणि त्या सगळ्या काळात त्यांचं काम चालूच होतं. बुद्धांनी तर देवाच्या दर्शनाची वाटच पाहायला सांगितली नाही. धम्म ज्यानं त्यानं स्वतः जाणायचा.

काही करायचंच असेल तर वेळ आणि जागा एकच ठेवा. रोज दहा मिनिटं, तीच जागा, तेच नाम किंवा तोच ग्रंथ, निदान एक मंडल, म्हणजे ४८ दिवस. अनुभवाची वही ठेवू नका, त्यानं मन अनुभव शोधत बसतं. दुसऱ्याचे अनुभव ऐकायचे कार्यक्रम त्या काळात टाळा.

आणि रांगेत उभं राहायला वेळ नसला तर महाद्वार रोडवरून जाताना सायकल किंवा गाडी बाजूला घ्या, चपला काढा, कळसाकडे बघून हात जोडा. कळसदर्शन हे पूर्ण दर्शन धरतात. दुकान उघडायला निघालेली निम्मी पेठ रोज तेवढंच करते.